दाजींची जिरवण्यासाठी सफरचंदं

रविवार, ४ फेब्रुवारी १९९६. सांगली

आज तासगावला बेदाणावाल्यांच्या मेळाव्यात दाजींचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फेटा, सगळं. कशाबद्दल? तर बेदाणा वाळवायच्या शेडच्या सुधारित रचनेबद्दल.

ती रचना माझी आहे. द्राक्षं पसरायच्या जाळ्यांच्या दोन थरांत पूर्वी नऊ इंच अंतर असे, ते मी तेरा केलं. पश्चिमेचा पडदा दुपारी दोनला सोडायचा आणि पाचला गुंडाळायचा, हे मी दोन हंगाम थर्मामीटर हातात धरून, उभं राहून ठरवलं. त्या दोन्ही हंगामांत दाजी बाहेर खुर्ची टाकून चहा पीत होते. माझी थोरली बहीण आक्का त्यांना दिली आहे, म्हणून अकरा वर्षं मी त्यांच्या शेडवर मुकादमी केली आणि तोंड उघडलं नाही.

माइकवर काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहितो. “आमच्या मेव्हण्यानं हाताखाली बरीच मदत केली. शिकलेला न्हाई, पन हात चांगला हाय.”

मांडव हसला. मी तिसऱ्या रांगेत होतो. उठलो, शेडवर गेलो, खिळ्याला अडकवलेला थर्मामीटर काढला आणि सांगलीची बस धरली. थर्मामीटर माझ्या पैशाचा आहे.

मी सातवी पास आहे. इंग्रजी माहितीपत्रकं डिक्शनरी घेऊन वाचतो. शिकलेला न्हाई!

बदला घेणार. कसा ते ठरलेलं नाही. घेणार एवढं ठरलं, आणि त्यासाठी येताना ही वही आणली.


शुक्रवार, ९ फेब्रुवारी

दाजी आणि आक्का आले होते. दाजींनी आल्याआल्या माझ्या पाठीत थाप घातली.

“काय मेव्हणं, राग आला व्हय? गड्या, माइक हातात आला की मानूस कायबी बोलतं.”

मी म्हटलं, “राग कसला? चहा घ्या.”

आक्का माझ्याकडे बघत होती. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लहानपणी मी खोटं बोललो की ती अशीच बघायची, आणि आईला सांगायची नाही.

दाजींनी खिशातून एक पाकीट काढलं. मुंबईच्या कुणा व्यापाऱ्यानं दिलेलं, परदेशी. आत वाळवलेल्या सफरचंदाच्या गोल चकत्या. पांढऱ्या, मऊ, चिवट. दाजी चघळत म्हणाले, “तिकडं पोरंठोरं चिवड्यागत खात्यात म्हनं. आपल्याकडं हे होनार न्हाई. द्राक्षाला साल हाय, ती झाकती. सफरचंद कापलं की घटकेत तांबडं. तासगावात कुनाच्या बापाला जमायचं न्हाई.”

ते गेल्यावर पाकिटात तीन चकत्या उरल्या होत्या. मोजपट्टीनं मापल्या. जाडी चार मिलिमीटर, तिन्हींची.

कुणाच्या बापाला जमायचं नाही ना? बघू. त्याच लोकांसमोर, तसल्याच मांडवात, तुमच्या हातावर ठेवीन.


मंगळवार, २० फेब्रुवारी

पहिली खेप वाया. कारण लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

शीतगृहातली काश्मिरी सफरचंदं बाजारातून आणली. चार मिलिमीटरच्या चकत्या केल्या. आणि हाताच्या सवयीनं द्राक्षासारखंच केलं. पाण्यात पोटॅशिअम कार्बोनेट, डिपिंग ऑइल, त्यात तीन मिनिटं बुडवून जाळीवर. संध्याकाळपर्यंत चकत्या तपकिरी आणि साबणाच्या वडीसारख्या बुळबुळीत. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो, तो फोडायला ते द्रावण असतं. चिरलेल्या सफरचंदावर कुठलं मेण? तासगावच्या कुठल्याही माणसानं हीच चूक केली असती. मी करायला नको होती.

सुंदरीनं दोन चकत्या म्हशीपुढे टाकल्या. म्हशीनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. सुंदरी हसली. बायकोनं अशा वेळी हसू नये.

दुसऱ्या खेपेला गंधकाची धुरी दिली. रंग उत्तम राहिला, पण जिभेला झोंबतं. आरोग्यासाठी खायची वस्तू आणि खाऊन ठसका लागतो!


रविवार, ३ मार्च

आक्का एकटीच आली. सुंदरीबरोबर मागच्या सोप्यात भाजीची कच्ची केळी सोलत बसली. मी तिथंच सफरचंदं चिरत होतो. पाचवी खेप. निम्मी चिरून होईपर्यंत आधीची तांबडी पडत होती.

आक्का म्हणाली, “सन्मत्या, केळी चिरली की आपन पान्यात टाकतो का न्हाई? चिमूटभर मीठ, लिंबू पिळून? काळी पडत न्हाईत. ह्यो तुझा सफरचंद काय राजाचा लेक लागून गेला?”

मी तिला समजावलं की ही चुलीपुढची गोष्ट नाही, ह्यात रसायनशास्त्र आहे. ती म्हणाली, “असंल बाबा,” आणि उरलेली केळी सोलून साडेचारच्या बसनं गेली. दिवस मावळायच्या आत तिला जेवायचं असतं.

फार बोलते. पूर्वीपासून.


मंगळवार, ५ मार्च

आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मला सुचलं.

एक लिटर पाणी, दोन कागदी लिंबांचा रस, एक सपाट चमचा मीठ. चिरल्याबरोबर चकती त्यात. दहा मिनिटांनी निथळून जाळीवर, वर मलमलीचं कापड.


शुक्रवार, ८ मार्च

झालं!

गच्चीवर तीन दिवस. रंग फिकट सोनेरी, दुमडली तर मोडत नाही, दाबली तर पाणी येत नाही. एक किलो फळाचे एकशे चाळीस ग्रॅम. अकरा वर्षांचं निरीक्षण आणि बारीक विचार, दुसरं काय.

सुंदरीनं चकती खाल्ली आणि म्हणाली, “वन्सं बोलल्या ते खरं निघालं.” मी विचारलं, काय बोलली आक्का? ती म्हणाली, “काय न्हाई.” हिचं हे असं अर्धवट बोलणं मला पटत नाही.


शुक्रवार, २२ मार्च

विक्रीसाठी छोटं पत्रक लिहिलं होतं, ‘सफरचंदाचे अकरा गुण’. छापण्याआधी, गेल्या आठवड्यात, आमच्या गल्लीतल्या डॉ. क्षमा यांना दाखवायला गेलो. त्यांनी लाल पेन घेतलं.

“रक्त शुद्ध होते? काढा. बुद्धी वाढते? कुणी सांगितलं?”

“वाचलंय.”

“कुठं?”

त्यांनी सहा गुण खोडले, पाच ठेवले. सालीसकट खाल्लं तर चोथा मिळतो, त्यानं पोट साफ राहतं. पेक्टिन असतं. पोटॅशिअम असतं. तळणापेक्षा बरं. प्रवासात टिकतं. मग स्वतःच्या अक्षरात खाली एक ओळ घातली : ‘वाळवल्यावर पाणी जाते, साखर राहते. मधुमेह असलेल्यांनी मोजून खावे.’

दाजींना साखर आहे. मी ती ओळ तीनदा अधोरेखित केली आणि पत्रकासह पहिला डबा त्यांनाच पाठवला. डब्यावर नाव लिहिलं, पुढं काही लिहिलं नाही. समजायचं ते समजतील.

आज निरोप आला. सयाजी सांगत आला, तो त्यांच्या शेडवरचा जुना गडी. “मालकानी रोज दोनच खायाच्या ठरवल्यात. मोजून. आन् येईल त्याला डबा दावत्यात, आमच्या मेव्हण्यानं केलंय म्हनत्यात.”

किती कावेबाज माणूस. आता ह्यातही वाटा हवा आहे.


रविवार, १४ एप्रिल. सातारा

शेतीमाल प्रदर्शनात माझ्या चकत्यांना पहिलं बक्षीस. टेबलासमोर इतकी गर्दी की नमुन्याची ताटली चार वेळा भरली. वाईच्या एक बाई नातवासाठी सहा पाकिटं घेऊन गेल्या. तो बिस्किटांशिवाय काही खात नाही म्हणे.

मला बोलायला सांगितलं. मी नेमकं आणि मुद्द्याचं बोललो. जाडी, लिंबाचं प्रमाण न सांगता नुसती तत्त्वं, तपमान. कुटुंबाचा उल्लेख करावा म्हणून शेवटी म्हटलं, “घरच्या बायकांनी हाताखाली बरीच मदत केली.” लोकांना आवडलं, हसले.

आक्का आणि दाजी तासगावहून मुद्दाम आले होते. दाजी सगळ्यात मोठ्यानं टाळ्या वाजवत होते. ढोंगी. आक्का वाजवत नव्हती, पदराशी चाळा करत बसली होती. नवऱ्याची फजिती बघवत नसणार.

परतीच्या बसमध्ये सुंदरी म्हणाली, “वन्संचं नाव घ्याया पायजे हुतं.”

“कशासाठी?”

ती कऱ्हाडपर्यंत खिडकीबाहेर बघत होती.

बक्षीस मिळालं, पण हिशोब अजून फिटलेला नाही. माझं वर जाणं पुरेसं नाही. दाजी खाली यायला हवेत, आणि लोकांनी ते बघायला हवं.


गुरुवार, १८ एप्रिल

संधी आपल्या पायांनी दारात आली.

आमच्या मूळ गावच्या जैन मंदिरात ८ ते १२ मे पंचकल्याणक पूजा आहे. पाच दिवस मांडव, सगळा समाज जमणार. १० तारखेला अष्टमी, त्या दिवशी बरेचजण हिरवं काही खात नाहीत. फळसुद्धा वाळलेलं चालतं, ताजं नाही. त्यांच्या फराळाचं आक्कानं अंगावर घेतलंय. बेदाण्याचा हंगाम संपत आला, शेड रिकामं होईल, तिथं सफरचंद वाळवायचं म्हणते.

“कृती लिहून दे, सन्मती. तुझ्या हातची, वजनमापासकट. म्या अंदाजानं करीन आन् तुला ते खपायचं न्हाई.”

मी विचारलं, “दाजी आहेत का ह्यात?”

“शेड त्यांचं, सफरचंदं तेच आननार. मग असनारच की.”

मी आत गेलो. कागद घेतला. वर तारीख. मग लिहिलं : पाणी शंभर लिटर, पोटॅशिअम कार्बोनेट अडीच किलो, डिपिंग ऑइल दीड लिटर, तीन मिनिटं बुडवणे. खाली सही. अक्षर इतकं सुबक आलं की मलाच बरं वाटलं.

कुणाच्या पोटाला अपाय नाही. बेदाण्याला हेच असतं, आपण सगळे खातो. फक्त माल काळा आणि साबणासारखा होईल, तोही भरमांडवात, दाजींच्या नावावर.

आक्कानं कागद वाचला. पुन्हा वाचला.

“हेच का?”

“हेच.”

“लिंबू?”

“लिंबू घरगुती खेपेला. मोठ्या मालाला हे.”

तिनं कागद माझ्यापुढं धरून परत विचारलं, “सन्मती, हेच का?”

मी म्हटलं, “सातारला पहिलं बक्षीस मला मिळालंय का तुला?”

तिनं कागदाची घडी घातली, कमरेच्या पिशवीत ठेवली आणि म्हणाली, “बरं.”


गुरुवार, २ मे

सयाजीकडून खबर : दाजींनी सफरचंदाच्या तीस पेट्या उतरवल्या. शेडचे पडदे पाडून आत नुसत्या बायका. पुरुषांना मज्जाव. खुद्द दाजी बाहेर खुर्चीवर. “मालक म्हनत्यात, मलाबी आत घेत न्हाईत गड्या.”

घेतील कशाला! आतलं दृश्य कुणाला दाखवण्यासारखं असेल? तीस पेट्या, तपकिरी, बुळबुळीत. मला ते इतकं स्पष्ट दिसतं की जेवताना दोनदा हसू आलं.

सुंदरी चार दिवस आक्काच्या मदतीला गेली होती, आज परतली. मी सहज विचारलं, “कसं काय चाललंय?”

“चाललंय.”

“रंग?”

“म्होरल्या शुक्रवारी बघालच की.”

तिच्या हातांना लिंबाचा वास येत होता. विचारलं तर म्हणाली, कामावरच्या बायकांना सरबत केलं. उन्हाळा आहेच तसा, तासगावला एकोणचाळीस.


शुक्रवार, १० मे

सगळं क्रमानं लिहितो.

इस्त्रीचा सदरा घालून मी पुढे बसलो होतो. मांडवात साडेतीनशे तरी उपासाची माणसं. पत्रावळी मांडल्या. बायका परड्या घेऊन आल्या आणि चकत्या वाढू लागल्या.

पांढऱ्या. फिकट सोनेरी. माझ्या पत्रावळीवर पाच पडल्या. मी एक उचलली, दुमडली. मोडली नाही. तोंडात घातली. आंबटगोड, साबणाचा लवलेश नाही. माझ्या शेजारी एक म्हातारे दात नसलेल्या तोंडात ती घोळवत होते आणि म्हणत होते, “आरं वा, वा रं वा.”

मग दाजी माइकवर गेले. मला वाटलं, आता पुन्हा तेच. ते म्हणाले, “ह्यातलं माझं कायबी न्हाई. समदं आमच्या घरच्या मानसानं केलं. मला तर तिनं पडद्याभाईर बसीवलं.” लोक हसले. ते थांबले नाहीत. “आन् ज्या शेडमंदी केलं, त्याची रचना माझ्या मेव्हण्याची, सन्मतीची. तेरा इंचाचा थर त्यानं काढला. फेब्रुवारीत मी फेटा बांधून घेतला आन् खुळ्यागत कायतरी बोललो. तवाच सांगाया पायजे हुतं. आज देवाच्या मांडवात सांगतो.”

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. तीन महिने सहा दिवस मी ह्याच वाक्याची वाट बघत होतो. उभं राहून हात जोडायला हवे होते. मी पत्रावळीवरच्या उरलेल्या चार चकत्या मोजत बसलो.

नंतर पाण्याच्या टाकीजवळ आक्कानं मला गाठलं. कागद माझ्या हातात दिला. अजून तसाच, चार घड्यांचा.

“ह्यो तुझा.”

मी म्हटलं, “तुला कळलं होतं तर तिथंच बोलली का नाहीस?”

“दोनदा इचारलं मी. दोनदा. तू काय म्हनलास?” तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. “साडेतीनशे मानसं सकाळधरनं उपाशी हुती सन्मत्या. त्यात आपली आत्ती हाय, ऐंशी वर्साची. दाजींच्या थोबाडीत द्याया तुला त्यांच्या पत्रावळी घावल्या? आन् ते माझ्या हातानं वाढायचं?”

“दाजींना माहीत आहे?”

“न्हाई. कळनारबी न्हाई. माझं म्हायेर हाय ते, उघडं कुठं करू?”

एवढं बोलून ती परड्या विसळायला गेली.


सोमवार, १३ मे

दोन दिवस काही लिहिलं नाही. आज शांतपणे विचार केला, तर एक गोष्ट खटकते. आक्कानं माझी लिंबाची पद्धत वापरली. मला न विचारता. कागद चुकीचा होता हे मान्य, पण पद्धत कुणाची? आणि माइकवर नाव कुणाचं झालं? ह्याचाही हिशोब व्हायला हवा.

सुंदरीला हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, “आवं, त्या दिवशी मागल्या सोप्यात केळी कोन सोलत हुतं?”

मी विचारतोय काय, ही सांगते काय. केळ्यांचा इथं काय संबंध?

ती उठून गेली. जाताना म्हणाली, “बक्षिसाच्या कागदावर नाव वाचताना तुमाला कायच कसं वाटत न्हाई?”

झोप लागेना म्हणून उठून बसलोय. काय वाटायला हवं?


शनिवार, १८ मे

एका धर्मशाळेनं आक्काकडे दर महिन्याला वीस किलो चकत्या मागितल्या आहेत. आक्काकडे. सयाजीनं सांगितलं, शेडवर पुन्हा काम सुरू झालंय.

वीस किलोचं काम घाईत होतं, आणि घाईत जाडी बिघडते. जाड चकती आत ओली राहते, पावसाळ्यात बुरशी धरते. हे तिला कोण सांगणार? उद्या जातो. दहा चकत्या मापून तिच्यासमोर ठेवतो. सगळ्या बायकांसमोर.


रविवार, १९ मे

मोजपट्टी खिशात घालून गेलो. दाजी बाहेर खुर्चीवर होते. “या मेव्हणं, बसा. आत सोडतील का न्हाई कुनास ठावं.”

मी पडदा बाजूला केला. सात बायका पाटावर बसून चिरत होत्या, सुंदरी त्यात होती. मला न सांगता आली होती. आक्का मधोमध. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, “चपला भाईर. हात धू, कोपरापातूर.”

धुतले. तिनं एक पाट आणि एक सुरी माझ्याकडे सरकवली. मी मोजपट्टी काढणार होतो, पण बायका बघत होत्या आणि नुसतं उभं राहणं बरं दिसेना. बसलो.

दुपारपर्यंत चिरत होतो. एकदा सुंदरीनं पाण्याचा तांब्या शेजारी ठेवला. चिरलेली चकती लिंबाच्या घमेल्यात टाकायची, घमेलं आक्काच्या हाताशी. ती प्रत्येक चकती बोटांत धरून बघत होती आणि मगच जाळीवर ठेवत होती. तिच्याकडे मोजपट्टी नव्हती.

मी एकूण दोनशे दहा चकत्या केल्या. त्यातल्या सहा तिनं माझ्या पाटावर परत ठेवल्या.

मी खिशातली पट्टी काढली आणि एकेक मापली.

सहाही जाड होत्या.